बंडखोरी कोणती, यादवी कोणती?

जुलै २००६ मधील एका दिवशी इराकमध्ये ९३ लक्षणीय हल्ले झाल्याची नोंद अमेरिकी यंत्रणेने केली होती. त्याच दिवसाचे मूळ अहवाल बारकाईने पुन्हा तपासले, तेव्हा हिंसाचाराच्या तब्बल ११०० घटना हाती लागल्या. हा आरोप अमेरिकेच्या कुणा विरोधकाने केलेला नाही. जेम्स बेकर आणि ली हॅमिल्टन यांच्या अध्यक्षतेखालील ‘इराक स्टडी ग्रुप’ या उभयपक्षीय मंडळाने डिसेंबर २००६ मध्ये सादर केलेल्या अहवालातील ही माहिती आहे. एवढी तफावत का पडली, हेही अहवालानेच सांगितले आहे. एखाद्या इराकी नागरिकाचा खून झाला, तर तो ‘हल्ला’ म्हणून मोजला जाईलच असे नव्हते. पांथिक हत्येमागे कोण होते हे ठरवता आले नाही, तर ती घटना नोंदीत येत नसे. रस्त्यात पेरलेला बॉम्ब फुटला, पण अमेरिकी जवानाला इजा झाली नाही, तर तीही मोजणीबाहेर राही.

थोडक्यात, मोजणारा स्वतःवर झाडलेली गोळी मोजत होता आणि शेजाऱ्याने शेजाऱ्यावर झाडलेली सोडून देत होता. हल्ल्यांची संख्या पाहिली तर २००६ मध्येही बहुसंख्य हल्ले परकी फौजांवरच होत होते; बळींची संख्या पाहिली तर बहुसंख्य बळी इराकीच होते. संयुक्त राष्ट्रांच्या इराकमधील पथकाने त्या एका वर्षात ३४,४५२ नागरिक मारले गेल्याचे म्हटले होते. पहिला आकडा समोर ठेवला की इराकमध्ये बंडखोरी दिसते, दुसरा ठेवला की यादवी. हा केवळ शब्दांचा घोळ असता तर त्यावर एवढी शाई खर्च करण्याचे कारण नव्हते. रोग कोणता मानला, यावर औषध ठरत होते आणि एका रोगाचे औषध दुसऱ्या रोगाला विषासारखे होते.

परकी लष्कराच्या ताब्यातील देशात सशस्त्र बंडखोराचे लक्ष्य सत्ता असते. लष्करी वाहनांचा ताफा, चौकी, सत्तेशी हातमिळवणी करणारा अधिकारी यांच्यावर तो हल्ला चढवतो. लोक त्याला हवे असतात, कारण त्यांच्यातच त्याला लपायचे असते. पांथिक मारेकऱ्याला त्याच लोकांपैकी एक भाग मुळी नकोच असतो. पहिल्याला परकीयाने देश सोडायला हवा असतो, दुसऱ्याला शेजाऱ्याने गल्ली सोडायला. बगदादमध्ये २००६ साली ओळखपत्रावरचे नाव उमर आहे की अली, एवढ्यावर तपासणी नाक्यावर माणसाचे मरण ठरत होते. अनेकांनी खिशात दोन नावांची दोन ओळखपत्रे बाळगायला सुरुवात केली होती, ती अमेरिकी सैनिकाला दाखवण्यासाठी खचितच नव्हे.

पुस्तकात हा भेद स्पष्ट असतो; रस्त्यावर तो पुसट होतो. १९ ऑगस्ट २००३ रोजी बगदादमधील संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयावर स्फोटकांनी भरलेला ट्रक आदळला आणि सर्जिओ व्हिएरा द मेलो यांच्यासह २२ जण ठार झाले. दहाच दिवसांनी, २९ ऑगस्टला, नजफ येथील इमाम अली यांच्या दर्ग्याबाहेर झालेल्या स्फोटात शिया नेते आयातुल्ला महंमद बाकिर अल हकीम आणि अनेक भाविक मारले गेले. पहिला स्फोट परकी व्यवस्थेविरुद्ध म्हणावा, दुसरा शियांविरुद्ध. दोन्हींमागे अबू मुसाब अल झरकावी याचाच गट असल्याचे मानले जाते. २००४ च्या आरंभी अमेरिकनांच्या हाती लागलेल्या झरकावीच्या पत्राने या दोहोंमधला दुवा उघड केला. शियांवर इतके प्रहार करायचे की त्यांनी सुन्नींवर सूड उगवावा आणि मग भेदरलेले सुन्नी आपसूक आपल्या आश्रयाला यावेत, असा त्याचा हिशेब होता. म्हणजे पांथिक कत्तल हे त्याच्या लेखी बंडखोरीसाठी माणसे मिळवण्याचे साधन होते. हे खुद्द अल काइदाच्या नेतृत्वालाही रुचले नाही. २००५ मध्ये अयमान अल जवाहिरीने पत्र पाठवून शियांवरील हल्ल्यांबद्दल त्याच्याकडे शंका व्यक्त केली होती.

मराठीत आपण ‘यादवी’ म्हणतो तेव्हा त्यात बाहेरचा कोणी नसतो. मारणारे आणि मरणारे एकाच कुळातले. इराकच्या बाबतीत हा शब्द म्हणूनच अपुरा पडतो. तेथे मध्यभागी दीड लाखाच्या आसपास परकी फौज उभी होती आणि कोणत्या गटाला सत्तेत किती वाटा, हेही तिच्याच छायेत ठरत होते. जुलै २००३ मध्ये अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांच्या अमलाखाली जे २५ सदस्यांचे शासकीय मंडळ नेमले गेले, त्यात १३ शिया, ५ सुन्नी अरब, ५ कुर्द आणि तुर्कमेन व ख्रिस्ती समाजाचा प्रत्येकी एक, असा जमातवार हिशेब होता. त्याआधी मे महिन्यात बाथ पक्षीयांना नोकऱ्यांतून काढून टाकणारा आणि पाठोपाठ इराकी सैन्य बरखास्त करणारा, असे दोन हुकूम निघाले होते. पहिल्यांदा बंदूक उचलणाऱ्यांत या हुकमांनी बेकार केलेले लष्करी अधिकारी मोठ्या संख्येने होते. त्यांचा राग धर्माचा नव्हता.

शिया आणि सुन्नी हजार वर्षे भांडतच आले आहेत, असे म्हणणाऱ्यांनी १९२० साल आठवावे. पहिल्या महायुद्धात कुत अल अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणीच्या जवानांनी उपासमार सोसली, तो हाच प्रदेश. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी तेथे अंमल बसवताच १९२० मध्ये उठाव झाला. त्यात बगदादच्या मशिदींतून शिया आणि सुन्नी एकत्र जमत होते. तो उठाव मोडण्यासाठी ब्रिटिशांना हिंदुस्थानातून कुमक मागवावी लागली. एप्रिल २००४ मध्ये अमेरिकी मरीन सैनिकांनी फलुजाला वेढा घातला, तेव्हाही काही आठवडे हेच दृश्य दिसले. मुक्तादा अल सद्र यांचे शिया अनुयायी दक्षिणेत अमेरिकनांशी लढत होते आणि बगदादचे शिया सुन्नी फलुजासाठी अन्न आणि रक्त पाठवत होते. या घडीला इराकमध्ये जे चालले होते त्याला बंडखोरी हेच नाव योग्य होते.

मग चित्र पालटले कधी? २२ फेब्रुवारी २००६ रोजी समारा येथील अल अस्करी दर्ग्याचा सोनेरी घुमट उडवण्यात आला, ती तारीख सर्वत्र सांगितली जाते. त्या स्फोटात कोणी दगावले नाही. पुढच्या काही दिवसांत मात्र शेकडो माणसे मारली गेली. पण समाराने पेटवले ते आधीच रचून ठेवलेले सरण होते. जानेवारी २००५ च्या निवडणुकीवर बहुसंख्य सुन्नी अरबांनी बहिष्कार टाकला. नव्या सरकारात गृहखाते इराणमध्ये वाढलेल्या एका शिया पक्षाकडे गेले आणि त्याच्या बद्र संघटनेची माणसे पोलिसांच्या गणवेशात शिरली. नोव्हेंबर २००५ मध्ये बगदादच्या जादिरिया भागातील गृहखात्याच्या तळघरात सुमारे १७० कैदी सापडले. त्यातले बहुतेक सुन्नी होते आणि अनेकांच्या अंगावर छळाच्या खुणा होत्या. तेव्हापासून सुन्नी वस्तीत दारावर पडलेली पोलिसाची थाप आणि मारेकऱ्याची थाप यांत फरक उरला नाही.

औषधाचा प्रश्न येतो तो येथे. बंडखोरी मोडण्याचा रुळलेला मार्ग असा की स्थानिक सैन्य आणि पोलीस उभे करावेत, त्यांच्या हाती शस्त्रे द्यावीत आणि स्वतः मागे सरावे. इराकी उभे राहतील तसतसे आम्ही मागे हटू, हे बुश यांचे २००५ मधील सूत्र त्यातलेच. या मार्गाचे गृहीत असे की सरकार सर्वांचे असते आणि फक्त बंडखोर त्याच्या विरोधात असतो. सरकारच जर दोन भांडणाऱ्यांपैकी एकाचे असेल, तर त्याच्या हाती दिलेली प्रत्येक बंदूक दुसऱ्याला युद्धाची घोषणा वाटते. स्टीफन बिडल या अमेरिकी अभ्यासकाने ‘फॉरिन अफेअर्स’मध्ये २००६ च्या वसंतात नेमका हाच इशारा दिला होता. तुम्ही व्हिएतनामचे धडे गिरवत आहात आणि समोर आहे ते जमातींचे युद्ध, असा त्याचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बगदादमधील पोलिसांची एक संपूर्ण ब्रिगेड मारेकरी टोळ्यांशी संगनमताच्या संशयावरून कामावरून हटवावी लागली.

जुलै २००३ मध्ये इराकमध्ये सैन्य पाठवण्याची अमेरिकेची विनंती वाजपेयी सरकारने नाकारली, तेव्हा दिल्लीत काहींना महासत्तेच्या जवळ जाण्याची संधी हुकल्याची हळहळ वाटली होती. सुमारे डिव्हिजनभर भारतीय जवानांची अपेक्षा होती. ते गेले असते तर समोरचा गणवेशातला इराकी पोलीस आहे की टोळीवाला, हा प्रश्न त्यांनाही नाक्यानाक्यावर पडला असता.

वॉशिंग्टनला मात्र प्रत्येक नाव उशिराच सुचत गेले. २००३ च्या उन्हाळ्यात संरक्षणमंत्री रम्सफेल्ड गनिमी युद्ध हा शब्द उच्चारायला तयार नव्हते. जुलैमध्ये जनरल अबिझैद यांनी तो उच्चारला. नोव्हेंबर २००५ मध्ये रम्सफेल्ड यांना ‘बंडखोर’ हा शब्दही नकोसा झाला होता. मार्च २००६ मध्ये माजी पंतप्रधान अयाद अलावी यांनी ही यादवीच असल्याचे ठणकावले, तर बुश प्रशासनाने ते नाकारले. अखेर जानेवारी २००७ मधील अमेरिकी गुप्तचर अंदाजाने मधली वाट काढली. संघर्षाच्या काही प्रमुख अंगांना यादवी हा शब्द लागू पडतो, परंतु शिया विरुद्ध शिया मारामाऱ्या, फौजांवरील हल्ले आणि निव्वळ गुन्हेगारी यांचा त्यात समावेश होत नाही, असे त्याचे म्हणणे होते. हे वर्णन अचूक होते; फक्त त्याला एक वर्ष उशीर झाला होता.

उलट बाजूची चूकही तेवढीच सोयीची आहे. सगळेच पांथिक आहे म्हटले की ताबा घेणाऱ्याची जबाबदारी संपते. तो दोन रानटी जमातींमधला त्रस्त पंच ठरतो. सैन्य कोणी बरखास्त केले आणि जमातवार वाटणी कोणी मांडली, हे मग विचारले जात नाही.

२००७ मध्ये सुमारे ३० हजार जादा सैनिक आले आणि हिंसाचार ओसरला, ही कथा अर्धी खरी आहे. त्याआधीच, सप्टेंबर २००६ मध्ये, रमादीत शेख अब्दुल सत्तार अबू रिशा यांच्या पुढाकाराने सुन्नी टोळ्या अल काइदाविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या. पुढे महिना सुमारे ३०० डॉलरवर लाखाच्या घरात माणसे अमेरिकनांच्या बाजूने पहारा देऊ लागली. त्यांत कालचे बंडखोर बरेच होते. त्यांच्याशी सौदा होऊ शकला, कारण त्यांचे भांडण परकी सत्तेशी होते आणि ती सत्ता समोर बसून बोलणारी होती. पांथिक हिंसा मात्र कोणत्याही सौद्याने थांबली नाही. ऑगस्ट २००७ मध्ये सद्र यांनी आपल्या लोकांना आवरले, वस्त्यांभोवती काँक्रीटच्या भिंती उभ्या राहिल्या आणि बगदादच्या कित्येक मिश्र मोहल्ल्यांत हाकलण्यासाठी दुसऱ्या पंथाचे कोणी उरले नाही. देशात आणि देशाबाहेर मिळून सुमारे ४० लाख इराकी बेघर झाल्याचे निर्वासितांसाठीच्या संयुक्त राष्ट्र संस्थेने तेव्हा सांगितले होते.

पहारेकऱ्यांना सरकारी नोकऱ्या देण्याचे आश्वासन नूरी अल मलिकी यांच्या सरकारने पुरतेपणी पाळले नाही. १८ डिसेंबर २०११ रोजी शेवटची अमेरिकी तुकडी कुवेतमध्ये शिरली आणि दुसऱ्याच दिवशी सुन्नी उपाध्यक्ष तारिक अल हाशिमी यांच्यावर अटकेचे वॉरंट निघाले. परकी फौज गेली की बंडखोरी मावळेल, हे गणित येथे कोसळले. झरकावीचे वारसदार जून २०१४ मध्ये मोसुल शहरात शिरले, तेव्हा अमेरिकनांनी उभे केलेले सैन्य शस्त्रे टाकून पळाले आणि बऱ्याच सुन्नी रहिवाशांना त्या सैन्याच्या जाण्याचे दुःख झाले नाही. पळालेले सैन्य त्यांनी कधी आपले मानलेच नव्हते.

ऑक्टोबर २०१९ मध्ये बगदाद, नासिरिया आणि बसऱ्याचे तरुण रस्त्यावर आले. ते बहुतांश शिया होते, सत्तेतले पक्षही शियांचेच होते आणि मागणी होती ती २००३ पासूनची जमातवार वाटणी मोडण्याची. त्यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांत सुरक्षा दले होती आणि सशस्त्र शिया टोळ्याही. काही महिन्यांत पाचशेहून अधिक माणसे मारली गेली. ‘आम्हाला देश हवा’ असे त्यांच्या फलकांवर लिहिलेले होते.