बफी कोट कुणाच्या हद्दीतला?

सुरतेच्या एका प्रयोगशाळेतून आलेले पत्र वाचून आम्ही अवाक झालो. एचआयव्हीच्या व्हायरल लोडसाठी आलेल्या ईडीटीए ट्यूबमधून प्लाझ्मा काढला की उरलेला बफी कोट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा थर, ऑटोक्लेव्हमध्ये जातो. रुग्णाची संमती घेऊन तो विषाणूच्या टॅट जनुकाच्या पहिल्या एक्झॉनच्या सिक्वेन्सिंगसाठी राखून ठेवावा, एवढीच पत्रलेखकाची मागणी होती. रुग्ण बहुतेक उधना-लिंबायतमध्ये राहणारे खानदेशी. सुरतेची नैतिकता समिती म्हणाली, कायमचा पत्ता जळगावचा, तिकडची परवानगी आणा. तिकडची म्हणाली, रक्त आमच्या हद्दीत काढलेलेच नाही. फाइल तापीकाठच्या पॅसेंजरसारखी सुरत-भुसावळ करते आहे आणि बफी कोट रोज वाफेवर शिजतो आहे.

या हद्दवाल्यांना विषाणूची हद्द कोणी समजावावी? अखाजीला गावी गेलेला माणूस गोळ्या संपल्या तरी परतत नाही. त्याचा विषाणू पुन्हा उसळतो तो सुरतेत की अमळनेरात, हे कोणत्या रकान्यात भरायचे?

टॅट वाचण्याचा प्रश्न किरकोळ नाही. भारतातला एचआयव्ही-१ जवळजवळ सगळा सी उपप्रकाराचा. त्याच्या टॅटमध्ये ३१व्या जागी बहुधा सिस्टीनऐवजी सेरीन असते. बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू केंद्रातील उदयकुमार रंगा यांच्या गटाने २००४मध्ये दाखवले की, या बदलाने टॅटची मोनोसाइट ओढून घेण्याची ताकद जाते. ट्रान्सअ‍ॅक्टिव्हेशनला मात्र धक्का लागत नाही, कारण सात सिस्टीनपैकी त्या कामी न लागणारे हे एकच. २२व्या जागचे सिस्टीन बदलले तर कामच थांबते. म्हणून ‘टॅट म्युटेशन सापडले’ असा मोघम अहवाल लिहिणाऱ्यांनी जागा कोणती, हेही लिहावे.

सुप्त संसर्गाच्या यू१ पेशीरेषेतले प्रोव्हायरस झोपलेले का राहतात, याचे उत्तर टॅटमध्येच मिळाले. एकात सुरुवातीचा कोडॉनच नाही, दुसऱ्यात १३व्या जागी हिस्टिडिनऐवजी ल्युसीन. पुढे रुग्णांच्या सीडी४ पेशींतही अशी दुबळी टॅट आढळली. पण ही सारी कामे मुख्यतः बी उपप्रकारावरची. आपल्या जीनोटाइपिंगमध्ये फक्त पोल वाचला जातो, कारण औषध-प्रतिरोध तिथे दिसतो. ते ठीकच. पण व्हायरल लोड दबलेल्या रुग्णाच्या प्लाझ्मात वाचायला काही उरत नाही. सुप्त साठा पेशींत असतो, आणि नेमक्या त्याच पेशी आपण टाकून देतो.

आमच्या सभासदांचाही कान धरायला हवा. २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याचे नाव काढून अनेक जण हात झटकतात. कायदा सांगतो, समजावून संमती घ्या. संमती मागूच नका, असे त्यात कुठे आहे? अहिराणी बोलणाऱ्या माणसापुढे इंग्रजी-गुजराती अर्ज ठेवायचा आणि ‘रुग्ण तयार होत नाहीत’ म्हणायचे, हा शुद्ध आळस. टीझेडएम-बीएल पेशींवर सी उपप्रकाराचे टॅट तपासून समाधान मानणाऱ्यांनाही विचारतो : त्या पेशींतला एलटीआर, म्हणजे टॅट ज्यावर काम करते तो प्रवर्तक, बी उपप्रकाराचा आहे. आपल्याकडच्या विषाणूच्या एलटीआरमध्ये एनएफ-कप्पा-बीच्या बहुधा तीन जागा असतात, क्वचित चारही. त्या एलटीआरवर टॅट किती चालते, हे कोण मोजणार?

तेव्हा वाट पाहणे पुरे. सुरत, नवापूर, नंदुरबार, धुळे, जळगाव येथील वाचकांनो, नैतिकता समितीकडे एकच संयुक्त अर्ज पाठवा. मराठी, हिंदी, गुजराती आणि उडिया संमतीपत्रे जोडा. ट्यूबवर नाव नको. सांकेतिक क्रमांक, रक्त काढल्याची तारीख, एआरटी सुरू झाल्याची तारीख आणि मूळ जिल्हा एवढे पुरे. हेपरिनची ट्यूब पाठवू नका, पीसीआर बसेल. मसुदा आम्ही तयार करतो. अर्ज परत आला तर नकाराचे कारण लेखी मागा आणि आमच्याकडे पाठवा, पुढच्या अंकात जसेच्या तसे छापू.