विश्लेषण : २०३८ च्या अडचणीसाठी ‘डेबियन’ने शेकडो लायब्ररींची नावं का बदलली?

‘डेबियन’ या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची १३ वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ ९ ऑगस्ट २०२५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्यातला एक मोठा बदल पडद्यावर दिसत नाही. ३२ बिट यंत्रांवर तारीख-वेळ साठवण्याची जागा दुप्पट, म्हणजे ६४ बिट करण्यात आली आहे. एवढ्याशा बदलासाठी शेकडो सॉफ्टवेअर लायब्ररींची नावं बदलावी लागली. असं का?

२०३८ मध्ये काय होणार?

लिनक्ससारख्या सिस्टीम १ जानेवारी १९७० पासून किती सेकंद झाले ते मोजतात. ३२ बिट जागेत जास्तीत जास्त २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ हा आकडा मावतो. ही मर्यादा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी गाठली जाईल. पुढच्याच सेकंदाला आकडा उणे होतो आणि घड्याळ थेट डिसेंबर १९०१ दाखवू लागतं. ६४ बिट लॅपटॉपवरच्या लिनक्सला ही अडचण नाही. प्रश्न आहे तो राउटर किंवा कारखान्यातल्या कंट्रोलरसारख्या, ३२ बिट चिपवर चालणाऱ्या यंत्रांचा. ती एकदा बसवली की वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही.

मग जागा वाढवली की झालं, नाही का?

इथेच ‘बायनरी कम्पॅटिबिलिटी’चा मुद्दा येतो. अनेक प्रोग्रामना लागणारं सामायिक काम लायब्ररी करते. प्रोग्राम तयार होताना लायब्ररीकडून येणारी माहिती कितव्या चौकटीत असेल, हे त्यात पक्कं होऊन जातं. समजा, एका अर्जात तारखेला चार चौकटी होत्या आणि त्यानंतर रक्कम होती. आता तारखेला आठ चौकटी दिल्या. चौकटी मोजून वाचणारा जुना कारकून पाचव्या चौकटीपासून रक्कम वाचणार, म्हणजे तारखेचाच तुकडा रक्कम म्हणून उतरवणार. प्रोग्रामचंही तसंच होतं. कधी तो बंद पडतो, कधी गुपचूप चुकीची माहिती साठवतो. दुसरा प्रकार जास्त धोकादायक.

नाव बदलून काय साधलं?

लायब्ररीत असा बदल झाला की एरवी तिचे निर्माते फाइलच्या नावातला क्रमांक वाढवतात. त्यामुळे जुनी आणि नवी लायब्ररी शेजारी शेजारी नांदू शकतात. इथे मात्र निर्मात्यांनी काहीच बदललं नव्हतं. बदल डेबियनने ती लायब्ररी ज्या पद्धतीने तयार केली, त्यात होता. म्हणून डेबियनने पॅकेजच्या नावालाच ‘टी६४’ हे शेपूट जोडलं. ‘लिबएसएसएल३’चं ‘लिबएसएसएल३टी६४’ झालं. जुना प्रोग्राम जुनं नाव मागतो, ते मिळत नाही आणि चुकीची जोडी जमतच नाही. त्यावर अवलंबून असलेले प्रोग्राम डेबियनने पुन्हा तयार करून घेतले.

‘आय३८६’ला का वगळलं?

इंटेलच्या जुन्या ३२ बिट चिपसाठीची ही आवृत्ती आता मुख्यतः जुने, तयार प्रोग्राम चालवण्यासाठीच उरली आहे. त्यातल्या अनेकांचा मूळ कोड उपलब्ध नाही, त्यामुळे ते पुन्हा तयार करता येत नाहीत. जागा वाढवली असती तर तेच मोडले असते. म्हणून तिथे २०३८ ची मर्यादा तशीच ठेवली.

याचा अर्थ काय?

नावाची ही राखण डेबियनच्या पॅकेजपुरतीच आहे. बाहेरून आणून टाकलेला जुना ३२ बिट प्रोग्राम तपासायला तिथे कुणी नाही. तो पुन्हा तयार करण्याची जबाबदारी विकणाऱ्या कंपनीचीच. कंपनीच बंद झाली असेल, तर मार्ग खुंटला. त्यामुळे दहा-पंधरा वर्षं चालावं म्हणून आज एखादं यंत्र घेणाऱ्या कारखान्याने किंवा पालिकेने दोन गोष्टी करारातच लिहून घ्यायला हव्यात : त्यात २०३८ नंतरची तारीख चालते का, आणि अपडेट किती वर्षं मिळणार?