वर्गणीवरचं ज्ञान टिकतं

वर्गणीवर गणपती बसवता येतो, संशोधनाची यंत्रणा चालवता येत नाही, असं एका ज्येष्ठ विद्वानांनी नुकतंच ठासून सांगितलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : फुकटच्या गोष्टीला वाली नसतो, देणाऱ्यांचा उत्साह दोन वर्षांत ओसरतो, न देता वापरणारेच जास्त. म्हणून शोधनिबंधांची मुक्त भांडारं सरकारने चालवावीत, नाहीतर धंदा कळणाऱ्या कंपन्यांच्या हवाली करावीत.

गणपतीचंच घ्यायचं, तर सार्वजनिक उत्सव 1893पासून वर्गणीवर उभा आहे. फुकट वापरणाऱ्यांचा आक्षेप निबंधांना लागू नाही. दहाऐवजी दहा हजारांनी वाचला म्हणून निबंध संपत नाही. सरकारने जरूर द्यावं, पण दाता एकच असला तर एका अर्थसंकल्पात सगळं थांबतं.

संताप येतो तो कंपन्यांच्या हवाली करण्याच्या सल्ल्याचा. तो प्रयोग होऊन गेला आहे आणि त्याचा निकालही लागला आहे. अर्थशास्त्र, कायदा, सामाजिक शास्त्रं यांतले अभ्यासक 1994पासून एसएसआरएन या भांडारात आपले निबंध ठेवत होते. 2016 साली एल्सव्हियर या बड्या प्रकाशन कंपनीने ते विकत घेतलं. निबंध अभ्यासकांचे, पण विक्रीत त्यांना मत नव्हतं. पुढच्याच वर्षी बीप्रेसची पाळी आली. बर्कलीच्या प्राध्यापकांनी सुरू केलेली ही कंपनी विद्यापीठांना मुक्त भांडारं चालवण्याचं सॉफ्टवेअर पुरवत असे. बड्या प्रकाशकांच्या दरांनी मेटाकुटीला येऊन ग्रंथालयं ज्या वाटेने निघाली, त्या वाटेची मालकीच एल्सव्हियरकडे गेली! पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने बाहेर पडायचं ठरवल्याचं जाहीर केलं. पण साठलेले निबंध आणि त्यांचे दुवे हलवायला पैसा लागतो, माणसं लागतात. ती सगळ्यांकडे कुठून येणार? 2021मध्ये वायली या प्रकाशकाने नॉलेज अनलॅच्ड ही कंपनी विकत घेतली. ही तर ग्रंथालयांकडून पैसे गोळा करूनच पुस्तकं मुक्त करत होती. म्हणजे कमकुवत कडी वर्गणी नव्हती, मालकी होती. कंपनी टिकली तरी तिचं वचन टिकत नाही, आणि अभ्यासकाला गरज असते ती वचनाची.

मुक्त भांडारांवर शंका घेणारी मंडळी पूर्वी म्हणत, तज्ज्ञांनी तपासून नियतकालिकात छापल्याशिवाय निबंधाला किंमत नाही. गणितज्ञ ग्रिगोरी पेरेलमन यांनी 2002-03मध्ये आर्काइव्ह या मुक्त भांडारात तीन निबंध ठेवले आणि ते नियतकालिकाकडे पाठवलेच नाहीत. गणितातलं पॉइंकारे अनुमान त्यांतूनच सुटलं. जगभरच्या गणितज्ञांनी ते ओळ न् ओळ तपासले, कारण ते सगळ्यांना उघडे होते.

मग करायचं काय? 1991 साली लॉस अलामोसला सुरू झालेलं आर्काइव्ह 2001मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे आलं. सर्वाधिक वापर करणाऱ्या संस्थांनी स्वेच्छेने वाटा उचलावा, असं आवाहन कॉर्नेलने 2010मध्ये केलं. विद्यापीठ, सायमन्स फाउंडेशन आणि जगभरच्या सदस्य संस्था मिळून पुढे खर्च भागवत आल्या. निबंध 20 लाखांवर गेले, वाचकाला एक पैसा पडला नाही. आपल्याकडेही महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम पुण्याच्या भांडारकर संस्थेत 1919पासून 1966पर्यंत चाललं, ते औंधच्या पंतप्रतिनिधींसह अनेक दात्यांच्या आणि सरकारांच्या पैशावर. दोन वर्षांत उत्साह ओसरतो म्हणणाऱ्यांनी ही 47 वर्षं मोजावीत.

केंद्र सरकारच्या 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेत तीन वर्षांसाठी 6000 कोटी रुपये मंजूर झाले, ते 30 प्रकाशकांची नियतकालिकं वाचायला मिळावीत म्हणून. त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतकी रक्कम, म्हणजे वर्षाला 20 कोटी, मुक्त भांडारांसाठी वेगळी ठेवा. प्रत्येक विद्यापीठाने ग्रंथालयाच्या अंदाजपत्रकात त्यासाठी कायमचं लेखाशीर्ष उघडावं. आणि पैसे देताना दोन अटी लेखी घालाव्यात : भांडार विकता येणार नाही, आणि कारभारात देणाऱ्यांना मत असेल. एवढं झालं तर वर्गणी पुरते. एवढंही करायचं नसेल, तर पुढच्या विक्रीच्या दिवशी तक्रार करण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही.