ताणलेला कणा आणि ताणलेला खिसा

कंबरेत उसण भरली आणि कळ मांडीवरून पोटरीपर्यंत उतरू लागली, की ‘मणक्यातील गादी सरकली’ हे निदान घरचे लोकच करून मोकळे होतात. अशा वेळी दृष्टीस पडते ती जाहिरात : शस्त्रक्रियेविना मणक्यांवरील दाब हलका करणारे यंत्र! वीसएक बैठकांचे पैसे पुष्कळदा आगाऊच मोजावे लागतात. दुखण्याने गांजलेला शिक्षक वा कारकून त्यासाठी शिलकीला हात घालतो. म्हणूनच या उपचाराची परखड तपासणी अगत्याची आहे.

यामागील कल्पना नवी नव्हे. रुग्णाला फळीवर बांधून कणा ताणण्याची रीत हिपोक्रेटिसच्या परंपरेपासून ज्ञात आहे. इस्पितळातील खाटेला टांगलेली वजनेही अनेकांनी पाहिली असतील. सरकलेली गादी नसेवर दाब आणते, हे १९३४ साली मिक्स्टर आणि बार या अमेरिकी शल्यविशारदांनी दाखवून दिले. तेव्हा कणा ताणावा, दाब उतरेल, हा तर्क पटण्याजोगा आहे. परंतु तर्काला पटलेले प्रयोगात टिकतेच असे नाही. २०१३ साली ‘कॉक्रेन’च्या अभ्यासकांनी ३२ चाचण्या पडताळल्या, ताण दिल्याने वेदनेत वा हालचालीत पडणारा फरक नगण्यच आढळला. ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने २०१६ साली हा उपचार देऊ नये असे सांगितले आणि २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही जुनाट कंबरदुखीबाबत तोच कौल दिला. नवे यंत्र जुन्या वजनांहून सरस असल्याचा भक्कम पुरावाही पुढे आलेला नाही.

मग गुण आल्याचे सांगणारे रुग्ण खोटे बोलतात काय? मुळीच नाही. गादीचा बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते आणि बहुसंख्यांची कळ काही आठवड्यांत ओसरते. बैठकाही नेमक्या याच आठवड्यांत चालतात! निसर्गाची कमाई यंत्राच्या खात्यावर जमा होते, ती अशी.

याचा अर्थ रुग्णाने खाट धरावी असा नव्हे. झेपेल तितके हिंडणे-फिरणे आणि तज्ज्ञाकडून शिकून घेतलेला व्यायाम हाच हिताचा मार्ग होय. मात्र लघवी अडणे, जांघेत बधिरता येणे वा पायातील बळ जाणे ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी इस्पितळ गाठले पाहिजे. तेथे दवडलेला वेळ भरून येत नाही. एरवी पैसे मोजण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : या यंत्राविना तितक्याच दिवसांत किती जण बरे होतात? याचे सरळ उत्तर जेथे मिळत नाही, तेथे आगाऊ रक्कम भरण्याची घाई कोणी करू नये.