सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी छाती आवळते? कापसाची धूळ तपासा

देहू : गादीसाठी कापूस पिंजणाऱ्याचा दम ‘विडीमुळे’ म्हणून सोडून दिला जातो. पण सुट्टीनंतर कामाच्या पहिल्याच दिवशी छाती आवळत असेल, तर ती बिसिनोसिसची, म्हणजे कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची खूण असू शकते. मुंबईच्या गिरणी कामगारांनी हा आजार भोगला. प्रयोगशाळेत गिनीपिगांना ही धूळ दिल्यावर त्यांचा श्वास जलद आणि उथळ झाला. ते तर विडी ओढत नाहीत! त्रास नुसत्या तंतूंचा नाही, कापसावरच्या जिवाणूंचं विषही धुळीबरोबर छातीत जातं. बारीक धूळ रुमालाने अडत नाही. कायद्याने हा व्यवसायजन्य आजार आहे. मात्र डॉक्टरांना खोकल्याबरोबर आपलं कामही सांगा, नाहीतर नोंद होणार कशी?