करिअरच्या वाटा : आवाजाची देणगी आणि उपचाराचा पेशा

या महिन्याचे पत्र एका मातेचे आहे. लेक बारावी विज्ञान शाखेत आहे, नअत फार गोड म्हणते आणि तिला संगीतोपचार शिकायचा आहे. तिच्या अब्बांचे दोन प्रश्न आहेत : हे दीनमध्ये बसते का? आणि यातून हलाल रोजी मिळेल का?

भगिनी, वाअलैकुम अस्सलाम. दोन्ही प्रश्न रास्त आहेत. आधी हे काम काय आहे ते पाहू.

संगीतोपचार म्हणजे रुग्णाला गाणी ऐकवून त्याचे मन रमवणे नव्हे. पक्षाघातात मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की कित्येकांची वाचा जाते. रुग्णाला साधे ‘पाणी’ म्हणता येत नाही, पण ओळखीचे गाणे शब्दांसकट गाता येते. यावरून 1973 साली बोस्टनच्या तज्ज्ञांनी एक पद्धत मांडली. ‘पाणी द्या’ यासारखे रोजचे वाक्य दोनच सुरांत, सावकाश म्हणायचे आणि प्रत्येक अक्षराला रुग्णाच्या डाव्या हातावर हलकी थाप द्यायची. रुग्णाला जमू लागले की सूर हळूहळू कमी करत साध्या बोलण्याकडे यायचे. कंपवाताच्या रुग्णाला ठरावीक ठेक्यावर चालायला शिकवतात, तेही असेच काम. प्रगतीची नोंद ठेवावी लागते आणि सबुरी लागते.

मुस्लिम इतिहासाला ही कल्पना परकी नाही. तुर्कस्तानातील एदिर्ने शहरात सुलतान दुसरे बायझीद यांनी 1488 मध्ये दवाखाना उभारला. तिथे आठवड्यातून तीन दिवस दहा गायक-वादक मनोरुग्णांसाठी येत, असे सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी यांनी लिहून ठेवले आहे.

अर्थात, इतिहासात घडले म्हणून ते जायज ठरत नाही, आणि हे सदर फतवा देण्याचे नाही. चारही मजहबांतील बहुसंख्य उलमा वाद्यांना मनाई करतात. निकाहाच्या किंवा ईदच्या प्रसंगी दफला सवलत आहे. इमाम गझालींनी ‘एह्या’मध्ये अटी घालून काही मुभा दिली, तर इब्न हज्म यांनी मनाईची मते मान्य केली नाहीत. म्हणून आपल्या भरवशाच्या आलिमांकडे जाताना ‘संगीत जायज आहे का?’ एवढेच विचारू नका. काम सविस्तर सांगा : वाचा गेलेल्या माणसाला आवाजाच्या चढउताराने आणि हाताच्या थापेने बोलते करायचे आहे, यात वाद्य लागतेच असे नाही. प्रश्न नेमका असेल तर उत्तरही नेमके मिळेल. मात्र अनेक अभ्यासक्रमांत वाद्य शिकणे सक्तीचे असते, हेही त्यांना सांगा.

आता रोजीचा प्रश्न. अमेरिकेत याचा पहिला पदवी अभ्यासक्रम मिशिगनमध्ये 1944 साली सुरू झाला. आज तिथे पदवी, 1,200 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि त्यानंतर परीक्षा, असा ठरलेला मार्ग आहे. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या श्री बालाजी विद्यापीठासारख्या मोजक्या ठिकाणी पदवीनंतरचे शिक्षण मिळते. पण भारतीय पुनर्वास परिषद ज्या 16 प्रकारच्या व्यावसायिकांची नोंदणी करते, त्यांत संगीतोपचारक नाही. त्यामुळे निव्वळ या प्रमाणपत्रावर रुग्णालयात कायम नोकरी मिळणे कठीण. दोन दिवसांच्या शिबिराचे प्रमाणपत्र विकणाऱ्यांपासून आणि ‘अमुक रागाने मधुमेह बरा होतो’ म्हणणाऱ्यांपासून तर दूरच राहा.

माझा सल्ला असा : आधी नोंदणी मिळणारी पदवी, मग संगीतोपचार. तुमच्या लेकीसाठी वाचा व श्रवण उपचाराची पदवी, म्हणजेच बीएएसएलपी, मला सर्वांत योग्य वाटते. एक वर्षाच्या इंटर्नशिपसह चार वर्षांचा हा अभ्यासक्रम विज्ञान शाखेतून बारावी झालेल्यांसाठी आहे. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते. पदवीनंतर परिषदेची नोंदणी मिळते. रुग्णालय, विशेष शाळा किंवा स्वतःचे केंद्र असे तिन्ही मार्ग खुले राहतात. लहान मुलांबरोबर आणि स्त्रियांबरोबरही भरपूर काम असते. वर सांगितलेली सुरांची पद्धत तर मुळात वाचा उपचारातलीच आहे, त्यामुळे तिचा गळा वाया जाणार नाही.

प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी एक करा. जवळच्या मोठ्या रुग्णालयातील वाचा उपचार विभागात परवानगी घेऊन लेकीला दोन-तीन दिवस बसू द्या. एकच शब्द पन्नास वेळा म्हणवून घेण्याची चिकाटी आपल्यात आहे का, हे तिचे तिलाच कळेल. अब्बांनाही सोबत न्या. जे काम अजून पाहिलेलेच नाही, त्याबद्दल घरात वाद घालण्यापेक्षा तिघांनी ते पाहून मग मश्वरा करावा, आणि इस्तिखाराही करावा.

अल्लाह तिची वाट सोपी करो. आमीन.