थेंब इथे, भोक तिथे

जून उजाडला की ऑफिसच्या कॅन्टीनमधले विषय ठरलेले असतात. लोकल किती लेट होती, भजी कुठली बेस्ट आणि घर नेमकं कुठून गळतंय. पहिल्या दोन विषयांवर एकमत होऊ शकतं, तिसऱ्यावर कधीच नाही. सेक्रेटरी म्हणतो टेरेसमधून, वरच्या मजल्यावरचे काका म्हणतात बाहेरच्या भिंतीतून, प्लंबर म्हणतो पाइप बदला आणि वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो सगळंच बदला. शेवटी जिथे डाग दिसतो तिथे सिमेंट थापलं जातं, चेक फाडला जातो आणि पुढच्या मुसळधार पावसात तोच डाग दोन फूट सरकून पुन्हा हजर!

तर बॉस, फंडा असा आहे की पाणी आळशी असतं आणि जाम चालूही. मिळेल त्या सोप्या वाटेनं ते सरकत राहतं. स्लॅबच्या सळईवरून, वायरच्या पाइपमधून, टाइल्सखालून. आत शिरतं एकीकडे आणि टपकतं भलतीकडेच. ही गोष्ट ज्यांना विसरून अजिबात परवडत नाही अशी जमात म्हणजे शिडाच्या बोटीवरची माणसं.

माझा एक मित्र सोमवार ते शुक्रवार बँकेत एक्सेल शीट भरतो आणि पावसाळा सोडून बाकीच्या वीकएण्डना मुंबई बंदरात शिडाच्या बोटीवर क्रू म्हणून राबतो. बोटीत पाणी दिसलं की पहिली स्टेप काय, असं मी त्याला विचारलं. मला वाटलं, पंप, बादली, लाइफ जॅकेट असं काहीतरी म्हणेल. तो म्हणाला, ‘चव घ्यायची.’

ऐकायला ईऽऽ वाटतं, पण लॉजिक सॉल्लिड आहे. पाणी खारट लागलं तर ते समुद्रातून आलंय. मग पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो ती जागा, तळाला पाइपांसाठी पाडलेली भोकं, फळ्यांचे सांधे असं सगळं तपासायचं. गोडं लागलं तर एक तर पिण्याच्या पाण्याची टाकी फुटलीय किंवा डेकवरून पावसाचं पाणी येतंय. एका बोटावरच्या थेंबात निम्मे संशयित बाद!

पुढची स्टेप म्हणजे सगळं कोरडं करायचं. अगदी ठणठणीत. ओल्या जागेत नवीन ओल दिसत नाही, म्हणून आधी पुसायचं, मग संशयाच्या जागी टिश्यू पेपर ठेवायचा किंवा टाल्कम पावडर भुरभुरायची. पाण्याचा ओघळ पावडरीत आपली वाट स्वतःच काढून दाखवतो. डेकमधून गळत असेल तर एकानं बाहेरून नळी धरायची, दुसऱ्यानं आत टॉर्च घेऊन बसायचं. नळी खालून वर न्यायची, एका वेळी एकच जागा, दहा मिनिटं धीर धरून. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि काहीच कळत नाही. रेलिंगच्या एका स्क्रूपाशी शिरलेलं पाणी आतल्या अस्तरामागून चार-पाच फूट प्रवास करून कुणाच्या तरी उशीवर टपकतं म्हणे. उशीवरच्या छताला कितीही लांबी भरा, उपयोग शून्य.

मुंबईची बोट, २९ वर्षांचा पोरगा

या विषयातली सगळ्यात भारी केस मुंबईत बनलेल्या बोटीची आहे. तिचं नाव ‘सुहेली’. लांबी ३२ फूट, सागवानी लाकूड, कुलाब्यात आपल्या सुतारांनी बांधलेली. मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन, व्यापारी जहाजावरचा ब्रिटिश अधिकारी. १४ जून १९६८ ला तो इंग्लंडमधल्या फाल्मथहून एकटाच निघाला. कुठेही न थांबता, कुणाची मदत न घेता पृथ्वीला फेरी मारायची होती. वय २९. आपल्यातले बरेच जण त्या वयात होमलोनचा ईएमआय मोजत असतात.

अटलांटिकमध्ये काही आठवडे गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की पंप नेहमीपेक्षा जास्त मारावा लागतोय. आतून काही पत्ता लागेना, म्हणून मास्क लावून गडी थेट समुद्रात उतरला. बोटीच्या तळाला, कण्याला लागून असलेल्या फळीच्या सांध्यात लांबच लांब फट पडली होती, तीही दोन्ही बाजूंनी. बोट हलली की ती फट उघडायची आणि मिटायची. त्यानं कापूस ठोकून बघितला, तो टिकेना. मग कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, तिला डांबर फासलं आणि श्वास रोखून बुड्या मारत मारत ती तांब्याच्या चुकांनी त्या सांध्यावर ठोकली. मध्येच एक शार्क घिरट्या घालू लागला, त्याला बंदुकीनं उडवून पुन्हा कामाला लागला. २२ एप्रिल १९६९ ला ‘सुहेली’ परत फाल्मथला पोहोचली. त्या शर्यतीत निघालेल्या नऊ जणांपैकी पूर्ण फेरी मारून परत आलेला तो एकटाच.

पण मला यातली वेगळीच गोष्ट जास्त खटकते. पुढे दक्षिणेच्या वादळी समुद्रात त्याच्या पिण्याच्या पाण्याच्या टाक्या खराब झाल्या. मग उरलेला बराचसा प्रवास त्यानं शिडावरून निथळणारं पावसाचं पाणी साठवून केला. चारी बाजूंनी पाणी, डोक्यावर पाणी, आणि तरी प्यायचं काय हा प्रश्न.

ही सिच्युएशन बघायला शिडाची बोट घेऊन दक्षिण समुद्रात जायची गरज नाही. मुंबईहून साडेतीन-चार तासांवर पालघर जिल्ह्यात जव्हार आणि मोखाडा आहेत.

जव्हारचा पाऊस जातो कुठे?

जव्हार आपल्याला माहीत असतं ते मॉन्सून वीकएण्डसाठी. मुकणे राजांचा जयविलास पॅलेस, दाभोसा धबधबा, वारली चित्रं, वाटेत गरमागरम भुट्टा. मीही पहिल्यांदा गेले ती अशाच एका ‘पावसाळी भटकंती’च्या असाइनमेंटसाठी. पाऊस असा की छत्री ही वस्तू निव्वळ डेकोरेशन. तिथे वर्षाला साधारण अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत.

दुसऱ्यांदा गेले ती मे महिन्यात, मोखाड्याच्या पाड्यांवर. तेच डोंगर, तीच वळणं, पण रंग पार उडालेला. विहिरीच्या तळाशी चहाच्या रंगाचं पाणी, काठावर हंडे-कळश्यांची रांग. टँकर येतो, विहिरीत पाणी ओततो आणि दोर घेऊन उभ्या असलेल्या बायका एकदम पुढे सरकतात. त्या रांगेत माझ्याहून लहान मुली होत्या, कडेवर मूल घेऊन. एका मावशींना मी विचारलं, पाऊस एवढा पडतो, मग पाणी जातं कुठे? त्यांनी उताराकडे बोट दाखवलं. शहरातून आलेल्या पोरीला एवढंही दिसत नाही, असा काहीसा भाव चेहऱ्यावर.

त्यांचं बोट बरोबर जागी होतं. हा सगळा काळ्या कातळाचा, उताराचा मुलूख. वरची माती पातळ. पडलेला पाऊस मुरायच्या आत ओढ्यात, ओढ्यातून नदीत आणि नदीतून खाली. पावसाळ्यात इथे घराची कौलं शेकारून ठेवावी लागतात, नाहीतर चुलीवर पाणी गळतं, आणि उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरावा लागतो.

गंमत म्हणजे इथे गळती शोधायचं काम उलट्या बाजूनं चालतं. लाव्हाच्या थरांवर थर बसून सह्याद्री तयार झालाय. काही थर सच्छिद्र आणि भेगाळलेले, काही घट्ट. भेगांमधून मुरलेलं पाणी घट्ट थराशी अडतं आणि आडवं सरकत डोंगराच्या कुशीतून बाहेर पडतं. तोच झरा. म्हणजे झरा ही डोंगराची गळतीच, फक्त ती बुजवायची नसते, जपायची असते. पाड्यावरच्या माणसांना ती शोधता येते. फाल्गुन-चैत्रात सगळं पिवळं पडल्यावर कुठे हिरवा ठिपका उरलाय, उंबर कुठे उभा आहे, गुरं कुठली ओल हुंगतात, यावरून ती जागा ओळखतात. आपल्या टाल्कम पावडरीचंच हे डोंगरी व्हर्जन! अशा झऱ्याखाली छोटी बंदिस्त टाकी बांधली आणि उताराचा फायदा घेऊन पाइप टाकला, की पंपाशिवाय पाणी पाड्याजवळ येऊ शकतं.

याउलट बुजवायची गळती असते ती बंधाऱ्याची. पाया पक्क्या कातळापर्यंत नेला नसेल किंवा कातळालाच भेग असेल तर पाणी भिंतीखालून निसटतं. भिंत फोटोत एकदम चकाचक, आणि जानेवारीत मागे चिखल. अशा वेळी भिंतीला वरून प्लास्टर मारणारे आणि आपला वॉटरप्रूफिंगवाला हे एकाच शाळेतले. भिंत सोडून तिच्या खालच्या अंगाला ओढ्यात कुठे ओल दिसते ते आधी बघायला हवं.

वैतरणेचं पाणी, कुलाब्याचा नळ

आता थोडं आपल्या नळाबद्दल. मुंबईला सात तलावांतून रोज साधारण ३,९०० दशलक्ष लिटर पाणी मिळतं. त्यातलं मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये पूर्ण झालं. उंची शंभर मीटरहून जास्त, मुंबईला रोज ४५५ दशलक्ष लिटर देण्याची क्षमता, आणि जागा मोखाडा तालुक्यात, कोचाळे गावाजवळ. तिथून पाणी मोडकसागरात, पुढे बोगदे आणि पाइपांमधून भांडुपला आणि मग तुमच्या-माझ्या गीझरमध्ये. धरणाच्या तालुक्यात टँकर आणि शंभर किलोमीटरवर शॉवर, हे एकदा नकाशावर बघितलं की शॉवरखाली जरा अनकम्फर्टेबल वाटायला लागतं.

त्यातही शहराचं किमान पाव हिस्सा पाणी हिशेबात लागत नाही, असं पालिकेचेच आकडे वर्षानुवर्षं सांगतात. काही गळतं, काही चोरीला जातं, काही मोजलंच जात नाही. पाव हिस्सा म्हणजे साडेनऊशे दशलक्ष लिटरच्या वर. दोन मध्य वैतरणा धरणं!

ही गळती शोधणारी माणसं आपल्याला दिसत नाहीत, कारण त्यांचं काम बऱ्याचदा रात्री असतं. रहदारी थांबली की ते पाइपाच्या व्हॉल्व्हवर धातूचा रॉड टेकवतात आणि दुसऱ्या टोकाला कान लावतात. फुटलेल्या जागेतून दाबानं बाहेर पडणारं पाणी सूं-सूं आवाज करतं. नव्या तंत्रात पाइपाच्या दोन टोकांना सेन्सर लावतात. आवाज कुठे आधी आणि कुठे किती नंतर पोहोचला यावरून फुटलेली जागा मोजून काढता येते. रस्त्यावर साचलेलं पाणी नळाचं की गटाराचं हे ठरवायला क्लोरीनची टेस्ट करतात. थेंब टाकला आणि पिवळा रंग आला तर नळाचं. बोटीवरची चव ती हीच.

अडचण अशी की आपल्याकडे पाणी भागाभागात, ठरावीक तासच सुटतं. पाइपात दाब असेल तेव्हाच आवाज येणार. आणि पाणी बंद झालं की तेच भोक उलटं काम करतं, म्हणजे बाहेरची घाण आत ओढून घेतं. पावसाळ्यात अख्ख्या बिल्डिंगचं पोट एकाच दिवशी बिघडतं ते उगाच नाही.

घरच्या घरी

मोठे पाइप आपल्या हातात नाहीत, पण फ्लशची टाकी आहे. रात्री त्यात खायच्या रंगाचे चार थेंब टाका, वीस मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर आतली रबरी चकती गेलीय. सोसायटीला सांगून एका रात्री सगळे व्हॉल्व्ह बंद करून गच्चीवरच्या टाकीची पातळी खडूनं मार्क करा. सकाळी ती खाली गेली असेल तर गळती टाकीत किंवा व्हॉल्व्हपर्यंतच्या पाइपातच आहे. तशीच राहिली तर एकेक व्हॉल्व्ह उघडत, एकेक रात्र बघत पुढे जा. रस्त्यावर पाणी वाहताना दिसलं तर १९१६ ला फोन करा.

आणि टपकणारा नळ? सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब, साधारण २० लिटरची बादली. टंचाईच्या काळात ग्रामीण भागात टँकरनं माणशी दिवसाला किती पाणी द्यायचं, याचं सरकारी माप माहीत आहे? तेही २० लिटरच. म्हणजे तो वॉशर बदलायला जितके दिवस टाळाटाळ, तितके दिवस एका माणसाचं पाणी मोरीत.

जव्हारला पावसात जाच, मस्त आहे. पण एकदा मेमध्येही जा. फक्त पाण्याची बाटली घरूनच भरून न्या. तसंही ते पाणी तिकडचंच आहे.